बाहेरची

दादा,

तू गेलास त्याला सोळा दिवस झाले. जलदानाच्या दिवशी बायका वहिनीला धरून रडल्या, मग माझ्याकडे आल्या, आणि माझे कोरडे डोळे बघून आपसात म्हणाल्या की हिला धक्का बसलाय, हिला कुणीतरी रडवा. मला रडवायची गरज नव्हती. सकाळपासून मी रडायच्या बेतातच होते. पण जेवणाच्या पंगती चालू असताना तुझ्याच टाइम ऑफिसातल्या पाटीलकाकांनी मला बाजूला बसवून एक गोष्ट सांगितली, आणि माझं रडणं जागच्या जागी थांबलं. ते अजून सुरू झालेलं नाही.

त्यांनी ती तुझं कौतुक म्हणून सांगितली. त्यांचा काही दोष नाही. ती गोष्ट मला तुझ्या तोंडून कळायला हवी होती आणि त्यासाठी तुझ्याकडे चार वर्षं होती. आता मी बोलते आणि तू ऐक. तुला मध्ये काही म्हणता येणार नाही हे मला कळतं. खरं सांगू? त्याचाच मला जास्त राग येतो.

आणीबाणी उठली त्या वर्षी आपण वाशीला आलो. बाबा आदल्या वर्षी गेले होते. दापोलीकडचं घर बंद करून आईने दोन ट्रंका आणि पाटा-वरवंटा एवढंच बरोबर घेतलं होतं. तुला बेलापूर रोडवर तुर्भ्याला कपड्यांचे रंग बनवणाऱ्या कारखान्यात कारकुनाची नोकरी लागली होती, कामगारांच्या हजेरीची. आपल्या भावकीत ऑफिसात खुर्चीवर बसून काम करणारा तू पहिला. वसाहतीतली एक खोली आणि स्वयंपाकघर, समोर नुसते आखलेले प्लॉट, त्यापलीकडे खाडीचा चिखल. संध्याकाळी सहाला तू यायचास तेव्हा तुझ्या मनगटापर्यंत निळा नाहीतर पिवळा रंग असायचा. तू रंगाला हात लावत नसायचास, तरी हजेरीची कार्डं ज्यांच्या हातातून यायची त्यांचा रंग तुझ्या हाताला लागायचा. मी नववीत होते.

कारखान्याचे पगार तेव्हा मुंबईला फोर्टमधल्या एका कॉम्प्युटर सेंटरवर काढून आणायचे. महिनाअखेरीला हजेरीचे तक्ते घेऊन तू पूल ओलांडून जायचास आणि दुसऱ्या दिवशी पगारपत्रकं घेऊन यायचास. पहिल्यांदा जाऊन आलास त्या संध्याकाळी तू जेवलाच नाहीस. आई विचारत होती काय झालं, आणि तू तिला सांगत होतास की एक खोली आहे, तिथे चपला बाहेर काढाव्या लागतात, आत थंडी वाजते, आणि एक मशीन आपल्या कारखान्यातल्या प्रत्येक माणसाचं नाव छापतं, एक ओळ छापायला डोळ्याचं पातं लवायलासुद्धा वेळ लागत नाही. आई म्हणाली, देवळात गेला होतास की काय. तू हसला नाहीस. तू अजून तिथेच होतास.

त्या दिवशी तू माझ्यासाठी रद्दीतले कागद आणले होतेस. दोन्ही कडांना भोकं असलेले, हिरव्या पट्ट्यांचे. त्यांच्या पाठीवर मी दहावीपर्यंतची सगळी गणितं केली. पुढच्या महिन्यात वाया गेलेली पंच केलेली कार्डं आणलीस. रविवारी सकाळी आपण ती कार्डं खिडकीच्या उजेडाला धरायचो आणि भोकांवरून अक्षरं ओळखायचो. आकड्याला एक भोक, अक्षराला दोन. पहिलं नाव लागलं ते कुणातरी गायकवाडांचं. तू ओरडलास, आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, आणि आपण दोघं तिला गायकवाड दाखवत होतो आणि तिला नुसता भोकाभोकांचा पुठ्ठा दिसत होता.

फोर्टच्या फुटपाथवरून तू एक पुस्तक आणलंस. प्रोग्रामिंगचं, पहिली चाळीस पानं नसलेलं. डिक्शनरी मध्ये ठेवून आपण ते वाचायचो. तुझं इंग्रजी बरं होतं, माझं गणित बरं होतं. दोघांचं मिळून एक डोकं व्हायचं. मला हे नाकारायचं नाही. मी आज जे काही आहे त्याची सुरुवात त्या खिडकीत झाली आणि ती खिडकी तू उघडलीस. आभार मानायची आपल्या घरात पद्धत नव्हती. मी मानले नाहीत. आज मानते, पण पुढचंही ऐकून घे.

तुला आठवत असेल, सेंटरवाल्यांनी हजेरी मोजायची त्यांची रीत चौकोनांत आणि बाणांत काढून तुझ्याकडे तपासायला दिली होती. रात्रपाळीवाल्यांची हजेरी दर महिन्याला चुकायची आणि तू ती हाताने दुरुस्त करायचास. का चुकते ते कुणालाच कळत नव्हतं. मी तो कागद घेऊन बसले. जायच्या वेळेतून यायची वेळ वजा करा, असं एका चौकोनात होतं. मी तुला विचारलं, "दादा, माणूस रात्री अकराला आला आणि सकाळी सातला गेला, तर सातातून अकरा कसे जाणार?"

तू त्या चौकोनाकडे बराच वेळ बघत राहिलास. मग माझ्या डोक्यावर टपली मारलीस आणि पायात चपला घालून खाली गेलास, उगाचच, नुसतं चालायला. पुढच्या फेरीला तू सेंटरवर सांगितलंस आणि तिथल्या साहेबांनी ते मान्य केलं. तू त्यांना सांगितलंस की ही चूक माझ्या बहिणीने काढली, ती शाळेत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तू मला तिथे घेऊन गेलास. मी चपला काढल्या. एका बाईंनी मला पंच मशीनवर बसवलं आणि माझं नाव एका कार्डावर पंच करू दिलं. काचेपलीकडे ते मशीन चालू होतं. तू माझ्यामागे उभा होतास आणि तुझे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर होते. त्या वेळी मला वाटलं की तू मला ते दाखवतो आहेस. आता वाटतं, तूही ते बघत होतास. माझ्याइतकाच, कदाचित जास्त.

मी बीएस्सी गणितात केली. चेंबूरच्या कॉलेजला बसने. मग दादरला प्रोग्रामिंगचा कोर्स केला, त्याचा फॉर्म तूच आणलास, तूच भरलास. वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. तू तोवर युनियनचा सेक्रेटरी झाला होतास. लोक संध्याकाळी दारात येऊन बसायचे, कुणाची रजा कापली, कुणाला मेमो दिला. तू प्रत्येकाचं ऐकून घ्यायचास. मला तुझा अभिमान होता हे लिहिताना आज हात अडतो, पण होता.

मग कारखान्याने स्वतःचा कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. आणि त्याच आठवड्यात गेटवर तुझी सभा झाली. या एका मशीनमुळे टाइम ऑफिस, पगार खातं आणि स्टोअरचे मिळून किती कारकून घरी बसतील ते तू नावं घेऊन सांगितलंस. मी तिथे नव्हते. तुर्भ्याच्या वर्गमैत्रिणीने मला सांगितलं की तुझा भाऊ काय बोलला, अंगावर काटा आला. संध्याकाळी मी तुला विचारलं की मी तिथे अर्ज करू की नको. तीन जागांची जाहिरात आली होती.

तू म्हणालास, "कर की. ते युनियनचं बोलणं झालं. तुझं वेगळं."

तुझं वेगळं. हे तुझे शब्द. मी अर्ज केला. परीक्षा झाली, मुलाखत झाली. तिघं निवडलो गेलो, त्यात माझा नंबर पहिला होता. पत्र आलं तेव्हा आईने ते विहारात नेलं, सगळ्यांना दाखवलं. तू पेढे आणलेस. ते पेढे आणलेस तेव्हा वाटाघाटी चालू होत्या. पुढच्याच आठवड्यात करार झाला, आणि त्यानंतर तीन आठवडे तू माझ्यासमोर बसून जेवलास, मी कामावर जायला शिवून घेतलेले दोन साड्यांवरचे ब्लाउज बघितलेस, कुठली बस पकडायची ते मला समजावून सांगितलंस.

रुजू व्हायच्या दिवशी तू माझ्या आधी निघून गेलास. लवकर बोलावलंय म्हणालास. मी गेटवर पत्र दाखवलं. वॉचमनने मला बाकावर बसवलं. तासाभराने पर्सोनेलचे साहेब स्वतः बाहेर आले. चांगला माणूस होता, त्यांना बोलताना त्रास होत होता. त्यांनी मला कराराची प्रत दाखवली. कॉम्प्युटर विभागात बाहेरचा कोणताही उमेदवार घेतला जाणार नाही, कंपनीतल्याच कर्मचाऱ्यांना शिकवून तिथे नेमलं जाईल. त्यामुळे तिघांची नेमणूक रद्द, पत्रं कालच टाकली आहेत, तुम्हाला मिळालं नसावं. खाली सह्या होत्या. कंपनीतर्फे एक आणि युनियनतर्फे तुझी. सोबत शिकायला पाठवायच्या चार जणांची यादी होती. पहिलं नाव तुझं होतं.

साहेबांनी आडनाव बघून विचारलं की ते तुमचे कोण. मी म्हटलं, गाववाले.

तुर्भ्यापासून वाशीपर्यंत मी चालत आले. नवी साडी, नवी चप्पल. ट्रक शिंगं वाजवत होते. मला रडायला आलं नाही. मी एकच गोष्ट मनात फिरवत होते, की घरी गेल्यावर दादा सांगेल. काहीतरी असेल. दादा सांगेल.

तू सहाला आलास. हातपाय धुतलेस. आईने ताट वाढलं. मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"करार झाला तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

तू भाताकडे बघत म्हणालास, "लोकांनी लावून धरलं, सुजा. मी एकटा काय करणार होतो? तुझ्यासाठी भांडलो असतो तर म्हणाले असते, बहिणीला चिकटवतोय."

तुझं नाव यादीत पहिलं कसं, ते मी विचारलं. तू म्हणालास, कुणी पुढे यायला तयार नव्हतं, सेक्रेटरीलाच आधी उभं राहावं लागतं. आई मध्ये पडली. म्हणाली, घरात एकाला मिळालं ना, मंग गप ऱ्हा दोघंपण. आणि आपण गप राहिलो.

त्या एका वाक्यावर मी चार वर्षं काढली, दादा. लोकांनी लावून धरलं. मी ते घासून पुसून वापरलं. राग आला की मी स्वतःला समजवायचे: त्याच्यामागे तीसएक घरं होती, तो एकटा काय करणार होता. तीसएक घरांसमोर माझी एक नोकरी काय. हे खरंच आहे, आजही मला ते खरं वाटतं. त्यांच्या नोकऱ्या वाचल्या त्याचं मला वाईट वाटत नाही.

पण पुढे जे झालं ते आठवलं की मला माझाच अचंबा वाटतो. मशीन देणाऱ्या कंपनीने तुम्हा चौघांना दहा दिवस शिकवलं आणि सोडून दिलं. अर्ध्या पुस्तकावर, तेही इतक्या वर्षांपूर्वी, तुझं काय चालणार होतं? पहिल्या रविवारी तू जाडजूड मॅन्युअल घेऊन माझ्यासमोर येऊन बसलास. नुसतं मॅन्युअल माझ्याकडे सरकवलंस.

मी ते घेतलं. लोकांना वाटेल मोठ्या मनाने घेतलं. तसं नव्हतं. आपल्यातला पहिला माणूस तिथे बसला आणि त्याला जमलं नाही, असं कुणी म्हणू नये, एवढं एक होतं. आणि दुसरं, ते मॅन्युअल मला हवं होतं. त्या मशीनबद्दलचा कागद माझ्या हातात येत होता आणि तो मला सोडवत नव्हता. हे तुला माहीत होतं. म्हणूनच तू नुसतं सरकवलंस.

आठ महिने मी तुला शिकवलं. सकाळी तुझी बस यायच्या आधी एक तास, रविवारी दुपारभर. मी कागदावर प्रोग्राम लिहायचे, तू तो नेऊन मशीनमध्ये टाकायचास, संध्याकाळी चुकांची यादी छापून आणायचास. मी त्या दुरुस्त करायचे. कारखान्याचं पहिलं पगारपत्रक त्या मशीनवर निघालं तेव्हा तुझा सत्कार झाला. नारळ आणि शाल घेऊन तू घरी आलास. मी तुला विचारलं, एकोणतिसाव्या ओळीचं काय झालं, चालली का? तू म्हणालास, चालली. ते मशीन दिसतं कसं हे मी तुला एकदाही विचारलं नाही. तू सांगितलंही नाहीस.

मग मला तळोज्याला नोकरी लागली. नावड्याजवळच्या एका कारखान्यात, प्रोग्रामर म्हणून. वाशीहून दोन बस बदलून जावं लागायचं. मी अर्ज केल्याचं तुला सांगितलं नव्हतं. रुजू व्हायच्या दिवशी सकाळी चहा पिताना सांगितलं. तू कप खाली ठेवलास आणि म्हणालास, "आणि इथलं?"

मला अभिनंदन नको होतं. पण ते दोन शब्द आले आणि मला कळलं की तुझ्या लेखी ती नोकरी मीही करत होते, नुसतं माझं नाव नव्हतं. मी म्हटलं, इथलं तू बघ. त्यानंतर मी तुझ्या कागदाला हात लावला नाही.

पुढची तीन वर्षं आपण नीट वागलो. तुझं लग्न झालं, मी पुढे होऊन सगळं केलं. आईच्या शेवटच्या आजारपणात आपण पाळ्या लावल्या. वेगळी बिऱ्हाडं झाल्यावर वाशीच्या मार्केटमध्ये भेटलो तर भाजी काय भावाने, वहिनी कशी आहे. मी तिकडे सिस्टीम अॅनालिस्ट झाले, माझ्या हाताखाली पाच जण आले. तू तुझ्या विभागाचा प्रमुख झालास. दोन बसच्या अंतरावर आपण तेच काम करत होतो, आणि कामाबद्दल आपण एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. मी वाट बघत होते. तू म्हातारा होशील, मी म्हातारी होईन, कधीतरी आपण दोघं बसू आणि तू म्हणशील, सुजा, तेव्हा माझं चुकलं. आणि मी म्हणेन, जाऊ दे, लोकांनी लावून धरलं होतं. उत्तर तयार ठेवलं होतं मी.

एकोणचाळिसाव्या वर्षी माणूस बसस्टॉपवर खाली बसतो आणि उठत नाही, हे माझ्या हिशेबात नव्हतं.

आणि जलदानाला पाटीलकाका आले. तुर्भे गावातले, कारखान्यासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यातले. टाइम ऑफिसात तुझ्या शेजारच्या टेबलावर बसायचे. माझ्या हातातला पाण्याचा पेला त्यांनी घेतला आणि तुझं काय काय सांगायला लागले. म्हणाले, "तुजा दादा नसता तं माजी नोकरी कवाच गेली असती. साएब तीन मानसा भायेरशी घेनार व्हता. तुज्या दादाची सभा झाली तवा नरमला, बाकीच्यांना शिकवून ठेवतो, कोनाला काडनार नाय, असा लिहून देत व्हता. आमी सगली राजी व्हतो. तुजा दादा उठला, बोलला, नाय. भायेरचा एक पन मानूस नको. ता कलम त्यानीच घातला, आमच्या कोनाच्या डोक्यान पन नवता."

मी विचारलं, सगळे राजी होते?

"सगली," काका म्हणाले. "त्या तिघांशी आमचा काय वाकडा व्हता?"

मग त्यांनी मला विचारलं की तेव्हा तू कॉलेजात होतीस ना. मी हो म्हटलं आणि पाणी वाढायला आत गेले.

लोकांनी लावून धरलं नव्हतं, दादा. कंपनी तयार होती, लोक तयार होते. कुणाची नोकरी जाणार नव्हती. त्या खोलीत एकटा माणूस नाही म्हणत होता आणि त्याला माहीत होतं की त्या तिघांत पहिलं नाव कुणाचं आहे. त्याने घरी पेढे आणले होते.

चार वर्षं मी ज्याला माफ केलं तो दुसराच कुणीतरी होता. अडचणीत सापडलेला, लोकांच्या दबावाखाली वाकलेला. त्याला मी रोज थोडं थोडं माफ केलं. तो तू नव्हतास. तुला माफ करायची वेळच आली नाही, कारण तू मला दिसलाच नाहीस.

का केलंस, यावर मी दिवसाला एक कारण शोधते. बहिणीला चिकटवली म्हणतील या भीतीने? ते खरं असेल. आपल्या माणसांनी काही मिळवलं की लगेच कसं मिळवलं याची चौकशी होते, हे मलाही ठाऊक आहे. पण तेवढ्यासाठी मला आधी सांगितलं असतंस तर मीच अर्ज मागे घेतला असता. मग वाटतं, तुला ती जागा स्वतःला हवी होती. बाहेरची माणसं आली असती तर तू टाइम ऑफिसातच राहिला असतास, त्या थंड खोलीच्या काचेबाहेर, आणि आत मी असते. तुला ते सोसलं नसतं. हे कारण मला सगळ्यात पटतं, आणि ते पटलं की राग कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. कारण ते मला समजलं असतं! जगात दुसऱ्या कुणाला समजलं नसतं, पण मला समजलं असतं. मलाही हवंय गं, एवढंच म्हणायचं होतंस.

परवा काका पुन्हा आले. पर्सोनेलच्या साहेबांचा निरोप घेऊन. नव्या करारातला भत्ता या महिन्यापासून पगारात धरायचा आहे, आणि तुझ्या हाताखालच्यांना प्रोग्राम चालवता येतो, बदलता येत नाही. मिलिंदची बहीण याच कामात आहे असं वहिनी म्हणाली, तर दोन दिवस येऊन बघाल का. मी आधी नाही म्हणणार होते. मग मनात आलं, पगार अडतील ते पाटीलकाकांचे. आणि मला ती खोली बघायची होती. हेही खरं आहे.

काल गेले. गेटवर माझं नाव लिहून घेतलं. ती खोली मला वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली. मशीन आपल्या आईच्या कपाटाएवढं. मी तुझ्या खुर्चीवर बसले आणि एकेक प्रोग्राम स्क्रीनवर काढून वाचला. प्रत्येक प्रोग्रामच्या वर लिहिणाऱ्याचं नाव घालायची जागा असते. सगळीकडे तुझं नाव होतं. मी लिहिलेल्यांवरही. त्याचं मला काही वाटलं नाही, ते अपेक्षितच होतं. पण नंतरचे, मी सोडल्यावरचे, तू एकट्याने लिहिलेले प्रोग्राम मी उघडले. चांगले होते, दादा. पहिल्या वर्षाचे अडखळत लिहिलेले, दुसऱ्या वर्षी हात बसलेला, आणि शेवटचे तर इतके सरळ की एके ठिकाणी मी थांबले, कारण मला ते इतकं सोपं सुचलं नसतं. तू कधीच न म्हटलेलं ते 'मलाही हवंय' खोटं नव्हतं. तू खरंच यातला होतास. त्या ओळीवर मी तुला काही विचारायला वळले आणि मागे पाण्याचा कूलर होता.

दुपारपर्यंत बदल करून झाला. साहेबांनी पगारपत्रक तपासलं आणि मग जरा घुटमळत म्हणाले की मिलिंदच्या जागेवर तुम्हीच याल का. करारातलं कलम आडवं येतं, पण युनियनशी बोलता येईल. पाटीलकाका तिथेच उभे होते. आता युनियनचे सेक्रेटरी तेच आहेत. साहेब बाहेर गेल्यावर मी त्यांना सांगितलं की काका, तेव्हाच्या त्या तिघांमध्ये पहिली मी होते.

त्यांना आधी समजलं नाही. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. चष्मा काढून हातात धरला.

"त्यानी आमाला सांगितला नाय," ते म्हणाले. चष्मा परत घालून म्हणाले, "तुला कोन भायेरची बोलला असता, पोरी?"

ते म्हणाले की कलम गेलं खड्ड्यात, उद्या सभा घेतो, तुझ्यासाठी सगळे हात वर करतील. तू ये. येशील ना?

मी नाही म्हटलं. तळोज्याला माझं काम आहे, माझी माणसं आहेत, ती जागा मी माझ्या नावावर मिळवली आहे. रागाने म्हटलं नाही. काकांचा हात धरून म्हटलं. मग गेटवर वही मागून जायची वेळ लिहिली आणि बस पकडली.

बसमध्ये मला एवढंच वाटत होतं, दादा. त्यांनी मला विचारलं. ज्यांची जमीन गेली, ज्यांची नोकरी जाता जाता राहिली, त्या काकांनी खुर्चीवर बसून माझ्याकडे बघून मला विचारलं, आणि मला 'नाही' म्हणता आलं.